नववी-दहावीत ग्रेड घसरल्या, आता विद्यापीठाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत हायस्कूल नववीला सुरू होतं आणि पहिल्या सेमिस्टरची ग्रेडही ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत ग्रेडपत्रकावर, कायमची चढते. चौदा वर्षांच्या मुलाला ते तेव्हा कळत नाही, आणि पालक भारतात शिकलेले असतील तर त्यांनाही कळत नाही. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा सोडली तर बाकी वर्षं कुणी विचारत नाही, अशीच त्यांची सवय असते. खालची उत्तरं अशा मुलांसाठी आणि पालकांसाठी आहेत. उदाहरणं कॅलिफोर्नियाची जास्त आहेत, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांनी आपले नियम आकड्यांसकट उघड मांडले आहेत.

नववीचा जीपीए (ग्रेडची सरासरी; ए चे ४ गुण, एफचे शून्य) २.३ आहे. चांगल्या विद्यापीठाची आशा सोडायची का?

नाही. पण किती भरून निघू शकतं ते आधी कागदावर मांडा. नुसत्या अंदाजावर राहिलं की एक तर उगाच धीर सुटतो, नाही तर उगाच निर्धास्तपणा येतो.

समजा नववीत २.३, दहावीत २.७ आणि अकरावीत ३.७ असा जीपीए आहे आणि दरवर्षी सहाच विषय आहेत. तिन्ही वर्षांची सरासरी येते २.९. बारावीच्या पहिल्या सेमिस्टरला ३.८ मिळाला तरी सात सेमिस्टरची सरासरी होते ३.०३. म्हणजे दीड वर्ष जीव तोडून अभ्यास करूनही एकूण आकडा तीनच्या आसपास घुटमळतो. बरीच मुलं इथेच हाय खातात.

आता हीच ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या पद्धतीने मोजा. यूसी नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्याच ग्रेड जीपीएत धरते, आणि त्याही 'ए ते जी' या ठरावीक विषयगटांतल्या. सहाही विषय त्या गटांतले असतील तर जीपीए झाला ३.२. अकरावीत दोन एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय घेऊन त्यांत सी किंवा वरची ग्रेड असेल, तर चार सेमिस्टरना प्रत्येकी एक जादा गुण मिळतो. २४ ग्रेडवर ते चार गुण विभागले की ३.३७. यूसीची किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला ३.० आणि बाहेरच्याला ३.४ आहे. म्हणजे ट्रान्सक्रिप्ट तीच, पण एका ठिकाणी ती २.९ वाचली जाते आणि दुसरीकडे ३.३७.

किमान अट पार झाली म्हणजे प्रवेश झाला असं मात्र नाही. यूसीच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस कॅम्पसला प्रत्यक्षातली स्पर्धा याच्या कितीतरी वर चालते.

मग नववीच्या ग्रेड कोण मोजतं आणि कोण नाही?

यूसी आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) जीपीएत नववी धरत नाहीत. सीएसयूमध्ये राज्यातल्या विद्यार्थ्याला साधारण २.५ ची अट आहे. २.० ते २.४९ वाल्यांचा इतर बाबी पाहून विचार होऊ शकतो. मात्र नववीचा विषय पास असावाच लागतो: जीपीएत धरला नाही तरी 'ए ते जी'ची विषयसंख्या पूर्ण करताना तो लागतो आणि त्यात सी तरी हवी.

टेक्सासमध्ये उलट आहे. तिथे १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या क्रमांकावर सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, साधारणपणे वरच्या १० टक्क्यांना. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात ही रेषा आणखी वर, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आहे. शाळेच्या क्रमांकात नववीही येते, त्यामुळे नववी बिघडली की हा रस्ता बहुतेक बंदच. अर्थात आपोआप मिळणारा प्रवेश हुकला म्हणून अर्ज करता येत नाही असं नाही. तो मग माणसं वाचतात.

कॅनडाकडे पाहत असाल तर, ओंटारिओतली विद्यापीठं तिथल्या विद्यार्थ्यांचे मुख्यतः बारावीचे सर्वांत चांगले सहा विषय पाहतात.

बहुतेक खासगी कॉलेजं चारही वर्षं पाहतात, पण ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून, वर्षागणिक. तिथे वाचणारा माणूस 'पुढे काय झालं' हे बघत असतो. एखाद्या विद्यापीठाचा कल जाणून घ्यायचा असेल तर त्यांच्या नावासोबत 'कॉमन डेटा सेट' असं शोधा. त्यातल्या सी-७ तक्त्यात ग्रेड, विषयांची काठिण्यपातळी, क्रमांक, परीक्षा, निबंध यांपैकी कशाला किती महत्त्व आहे ते त्यांनीच खूण करून दिलेलं असतं. सी-११ मध्ये प्रवेश घेतलेल्यांचे जीपीए कसे विभागले आहेत ते दिसतं. ३.० ते ३.२५ च्या रकान्यात शून्य किंवा एक टक्का असेल, तर तिथे अर्जाचे पैसे घालताना डोळे उघडे ठेवा.

सुधारायला सुरुवात कुठून करायची?

डी आणि एफ पासून. सी नव्हे.

शाळेच्या काउन्सेलरकडून (मार्गदर्शकाकडून) अनधिकृत ट्रान्सक्रिप्टची प्रत घ्या. प्रत्येक डी आणि एफला खूण करा आणि शेजारी दोन गोष्टी लिहा: हा विषय हायस्कूल पास होण्यासाठी लागतो का, आणि विद्यापीठाच्या अटीत येतो का. दोन्हीकडे लागणारा विषय सगळ्यांत आधी. पीईतली (शारीरिक शिक्षणातली) डी तुलनेने निरुपद्रवी, पण इंग्रजीतली डी घातक.

मग शाळेचा नियम विचारा. काही शाळा पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी ग्रेड धरतात आणि जुनी जीपीएतून काढतात, काही दोन्हींची सरासरी करतात, काही दोन्ही तशाच ठेवतात. ट्रान्सक्रिप्टवर जुनी ग्रेड बहुतेक ठिकाणी दिसत राहते. यूसीचा स्वतःचा नियम असा: डी किंवा एफ असेल आणि विषय पुन्हा घेऊन सी किंवा वर मिळाली, तर नवी ग्रेड धरतात. पण पहिल्यांदाच सी मिळाली असेल तर पुन्हा घेतलेली ए त्यांच्या हिशेबात येतच नाही. सीची ए करायला उन्हाळा घालवणारी मुलं दरवर्षी दिसतात. तोच उन्हाळा पुढचा विषय पक्का करायला वापरला असता तर कामी आला असता.

गणितात डी आहे. पुन्हा अल्जेब्रा १ करावाच लागेल?

यूसी आणि सीएसयूसाठी कदाचित नाही. गणित आणि परकीय भाषेत वरच्या पातळीवर सी मिळाली की खालच्या पातळीची कमतरता भरून निघाली असं धरतात. अल्जेब्रा १ मध्ये डी आणि नंतर अल्जेब्रा २ मध्ये बी असेल, तर अल्जेब्रा १ ची अट पूर्ण झाली. जॉमेट्रीबाबत मात्र वेगळे बारकावे आहेत, ते काउन्सेलरकडून तपासून घ्या.

कागदावर अट पूर्ण झाली तरी डोक्यातली फट बुजत नाही. गणितात ग्रेड घसरण्याचं मूळ बहुतेकदा दोन-तीन जागी असतं: अपूर्णांक, ऋण चिन्हं, आणि समीकरणात एका बाजूचं पद दुसरीकडे नेणं. अल्जेब्रा २ ला बसण्याआधी जुन्या चाचण्या काढा आणि चुका मोजा. वीस चुकांपैकी बारा चिन्हांच्या असतील तर नवा धडा शिकवून उपयोग नाही. रोज पंधरा मिनिटं फक्त तेवढंच, तीन-चार आठवडे. हे न करता पुढच्या वर्गात बसवलं की प्रीकॅल्क्युलसला पुन्हा तीच डी समोर येते, आणि ती अकरावीत आली तर जास्त महाग पडते.

समर स्कूल किंवा ऑनलाइन कोर्स चालतो का?

चालतो, पण पैसे भरण्याआधी शाळेकडून लेखी होकार घ्या की क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर चढेल आणि जुन्या ग्रेडचं काय होईल. तोंडी होकारावर विसंबू नका. काउन्सेलर बदलतात.

कॅलिफोर्नियात कोर्स 'ए ते जी' यादीत आहे का ते यूसीच्या संकेतस्थळावर तपासा. यूसी स्काउट हे यूसीचंच ऑनलाइन व्यासपीठ आहे, तिथले हायस्कूलचे विषय त्या यादीत असतात. शाळेतल्या 'क्रेडिट रिकव्हरी'बद्दल, म्हणजे नापास विषय भरून काढण्याच्या वर्गांबद्दल, सावध राहा. त्याने हायस्कूल पास होता येतं, पण काही ठिकाणचे असे कोर्स विद्यापीठाच्या अटीत बसत नाहीत. आणि नुसता 'पास' शेरा नको, अक्षर-ग्रेड मागून घ्या.

अकरावीत किती एपी घ्यावेत? चार घेतले तर सुधारणा जास्त उठून दिसेल ना?

चारही नीट झाले तर दिसेल. पण दहावीत २.७ असलेल्या मुलाने एकदम चार एपी घेतले की बहुधा ऑक्टोबरपर्यंत दोन सी होतात, आणि चढत्या आलेखाची सगळी कथाच मोडते. ज्या विषयात दहावीत निदान बी होती आणि मनापासून आवड आहे, असे एक किंवा दोन घ्या. बाकी नेहमीचे विषय ए आणि बी वर न्या. बारावीत एक वाढवा. अकरावीचं वर्ष या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत वजनदार वर्ष आहे, ते प्रयोगात घालवू नका.

यूसीत जादा गुणांना मर्यादा आहे: एकूण आठ सेमिस्टर, त्यांतली दहावीची जास्तीत जास्त चार. त्यापुढे एपी घेऊन जीपीएत काही वाढत नाही, अभ्यासक्रम कठीण घेतला एवढंच दिसतं. एपीची परीक्षा मे महिन्यात असते, पण नोंदणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळेतून करावी लागते. हे विसरून बसणारे बरेच असतात.

हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे) वर्ग घेतले तर?

नीट निभावले तर जुन्या ग्रेडवर हे सगळ्यांत खणखणीत उत्तर आहे. 'आता मी कॉलेजचा अभ्यास करू शकतो' हे सांगायची गरजच उरत नाही. यूसी-सीएसयूच्या हिशेबात तीन सेमिस्टर युनिटचा, ट्रान्सफर होणारा (पुढे विद्यापीठात धरला जाणारा) एक कॉलेज कोर्स हा हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरतात आणि त्याला जादा गुणही मिळतो.

धोका मात्र नीट समजून घ्या. ती कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट असते आणि कायमची असते. सोळाव्या वर्षी तिथे पडलेली एफ पुढे ट्रान्सफरच्या वेळी दाखवावी लागते, आणि मेडिकल स्कूलच्या अर्जातही हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेज कोर्स द्यावेच लागतात. पहिला कोर्स एकच घ्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जमत नाही असं दिसलं तर ट्रान्सक्रिप्टवर खूण न राहता नाव काढण्याची तारीख असते. ती पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती उलटली की डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडला) असा शेरा लागतो, आणि त्यानंतरची मुदतही गेली की मिळेल ती ग्रेड.

चांगला एसएटी (१६०० गुणांची प्रवेशासाठीची परीक्षा) स्कोअर जुन्या ग्रेड झाकतो का?

झाकत नाही. पण सुधारलेल्या ग्रेडच्या पाठीशी उभा राहतो. अकरावीत ३.७ आणि एसएटी १४५० हे एकमेकांना दुजोरा देतात. अकरावीतही २.६ आणि एसएटी १४५० असेल तर वाचणारा म्हणतो, हुशारी आहे, मेहनत नाही.

यूसी आणि सीएसयू प्रवेशासाठी स्कोअर पाहतच नाहीत, दिला तरी नाही. बऱ्याच ठिकाणी तो ऐच्छिक आहे. एमआयटी, जॉर्जटाउन, डार्टमथ, तसंच फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं तो मागतात. आपल्या यादीतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी स्कोअर पाहत नसतील, तर एसएटीच्या क्लासचे तास शाळेच्या विषयांना द्या.

कमी ग्रेडचं कारण अर्जात कुठे आणि कसं सांगायचं?

मुख्य निबंधात शक्यतो नको. तो ६५० शब्दांचा असतो आणि त्यात मूल कोण आहे हे दिसायला हवं. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, अडचणी आणि परिस्थिती सांगायला वेगळी जागा आहे, शिवाय अतिरिक्त माहितीची आहे. यूसीत आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं लिहायची असतात, त्यांतला एक प्रश्न शिक्षणातल्या अडथळ्याबद्दल आहे. तिथे लिहा.

लिहिण्याची पद्धत: काय झालं, कधी झालं, कोणत्या ग्रेडवर परिणाम झाला, आणि नंतर काय केलं. शेवटचा भाग सगळ्यांत लांब हवा. बहुतेक मुलं नेमकं उलट करतात. 'त्या काळात माझ्यावर खूप मानसिक ताण होता, पण मी त्यातून बरंच काही शिकलो' या वाक्यात वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं:

'नववीच्या जानेवारीत वडिलांची नोकरी गेली आणि मार्चमध्ये आम्ही दुसऱ्या राज्यात राहायला गेलो. त्या सेमिस्टरला बायोलॉजीत डी आणि जॉमेट्रीत सी मिळाली. उन्हाळ्यात बायोलॉजी पुन्हा घेतली, बी मिळाली. दहावीच्या दुसऱ्या सेमिस्टरपासून मंगळवारी आणि गुरुवारी शाळेनंतर गणिताच्या शिक्षकांकडे बसू लागले. अकरावीत अल्जेब्रा २ मध्ये ए आणि केमिस्ट्रीत बी प्लस आहे.'

इतकंच पुरे. यात रडगाणं नाही, कुणावर दोषारोप नाही, आणि प्रत्येक ओळ ट्रान्सक्रिप्टशी पडताळून पाहता येते.

सांगण्यासारखं काही कारणच नसेल तर? नुसता आळस, फोन, गेम?

कारण रचू नका. काउन्सेलरचं पत्र आणि मुलाचं म्हणणं जुळलं नाही तर सगळ्या अर्जावरचाच विश्वास उडतो. एक-दोन वाक्यांत 'नववीत अभ्यासाची सवय नव्हती, दहावीच्या मध्यापासून अमुक बदल केला' असं लिहिलं तरी चालतं. आलेख पुरेसा चढता असेल तर काहीच न लिहिणंही योग्य. नववीत एक-दोन सी, बाकी बी, आणि पुढे सगळं सुधारलेलं, अशा ट्रान्सक्रिप्टला खुलाशाची गरज नसते. तो देऊन आपणच तिकडे बोट दाखवतो.

एडीएचडी किंवा डिस्लेक्सियाचं निदान उशिरा झालं. ते सांगावं का?

सांगणं बंधनकारक नाही. पण निदानानंतर ग्रेड स्पष्टपणे सुधारल्या असतील तर सांगितल्याने फायदा होतो, कारण आधीच्या घसरणीचं आणि नंतरच्या चढाचं एकच उत्तर मिळतं. शाळेत ५०४ योजना (अशा मुलांना द्यायच्या सवलतींचा लेखी आराखडा) असेल तर तिची तारीख लिहा. एसएटीत जादा वेळ हवा असेल तर ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची वेगळी मंजुरी लागते आणि तिला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आपल्या घरांत असं निदान लपवण्याकडे कल असतो. मुलाच्या बाबतीत त्याची किंमत फार मोठी आहे: मदत न मागता आणखी एक वर्ष वाया जातं.

शिफारसपत्र कुणाकडून घ्यावं?

अकरावीत मुख्य विषय शिकवणाऱ्या शिक्षकांकडून. ज्यांनी नववी किंवा दहावीतही शिकवलं आणि पुन्हा अकरावीत शिकवलं असे कुणी असतील तर उत्तमच, कारण बदल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. अकरावी संपण्याआधी विचारा, आणि विचारताना एक पान द्या: कोणता प्रकल्प केला, कोणत्या चाचणीत काय सुधारलं. ए देणाऱ्या पण मुलाला न ओळखणाऱ्या शिक्षकांपेक्षा बी प्लस देणारे आणि ओळखणारे बरे. काउन्सेलरलाही घरची परिस्थिती सांगून ठेवा. त्यांच्या पत्रात आलेल्या कारणाला मुलाने स्वतः सांगितलेल्या कारणापेक्षा जास्त वजन असतं.

अर्ली अर्ज करावा की रेग्युलर?

चढता आलेख असलेल्या मुलासाठी बहुतेकदा रेग्युलर. अर्लीची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरला असते, तेव्हा बारावीची एकही पूर्ण सेमिस्टर-ग्रेड नसते. रेग्युलरची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते आणि त्यानंतर शाळा मिड-इयर रिपोर्ट पाठवते, म्हणजे बारावीचं पहिलं सेमिस्टर त्यांच्यासमोर जातं. अर्ली डिसिजन बंधनकारकही असतं: प्रवेश मिळाला की तिथेच जावं लागतं. अपवाद रोलिंग प्रवेशाचा. जिथे अर्ज येतील तसे निर्णय होतात आणि किमान अट जाहीर असते, तिथे लवकर अर्ज करून एक जागा पदरात पाडून घ्या.

यूसीला बारावीच्या ग्रेड निर्णयाआधी जात नाहीत, फक्त कोणते विषय चालू आहेत ते जातं. तिथला अर्ज १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत भरता येतो.

विद्यापीठांची यादी कशी करावी?

तळापासून. आधी अशा दोन जागा शोधा जिथे जाहीर अटीवर प्रवेश मिळतो, खर्च झेपतो आणि मूल आनंदाने जाईल. उदाहरणार्थ ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी: ठरावीक १६ विषय पूर्ण असतील आणि त्यांत ३.० जीपीए, किंवा वर्गात वरच्या २५ टक्क्यांत क्रमांक, किंवा ठरलेला एसएटी-एसीटी स्कोअर यांपैकी एक असेल तर प्रवेश मिळतो. आयडाहो राज्य २०१५ पासून आपल्या बारावीच्या मुलांना न मागताच प्रवेशाची पत्रं पाठवतं, आणि कॉमन ॲपवरही अशी थेट प्रवेशाची सोय आहे. मग जिथे जीपीए मधल्या पट्ट्यात बसतो अशा चार-पाच, आणि वरच्या दोन-तीन. नावाजलेल्या बारा ठिकाणी अर्ज करून 'कुठे तरी लागेल' म्हणणं ही योजना नव्हे.

कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर हा कमी दर्जाचा मार्ग आहे का?

अजिबात नाही, आणि नातेवाईक काय म्हणतील या धास्तीने तो सोडणं हे या विषयातलं सगळ्यांत महागडं दुखणं आहे. पदवीवर शेवटच्या विद्यापीठाचंच नाव असतं. यूसी ट्रान्सफर विद्यार्थ्याच्या हायस्कूल ग्रेड पाहतच नाही. नववी, दहावी, सगळं मागे पडतं.

कॅलिफोर्नियात ६० सेमिस्टर युनिट लागतात. यूसीची किमान अट राज्यातल्यांना २.४, बाहेरच्यांना २.८, प्रत्यक्षात बऱ्याच जास्त. टॅग नावाच्या हमीपत्राने सहा कॅम्पसवर जागा निश्चित होते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो, सप्टेंबर महिन्यात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगसारख्या विषयांना काही कॅम्पस टॅग देतच नाहीत किंवा फार वरचा जीपीए मागतात. सीएसयूसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर आहे. ती पूर्ण केली की सीएसयूत जागेची हमी मिळते, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही.

इथे गाडी अडते ती दोन कारणांनी. पहिलं, विषय अंदाजाने निवडले जातात. 'असिस्ट' या संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसला कशाच्या बदली चालतो ते लिहिलेलं असतं. पहिल्या सेमिस्टरआधीच ते काढा आणि प्रत जपून ठेवा. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस आणि फिजिक्सची साखळी एकामागून एक घ्यावी लागते. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली की दोन वर्षांत ती पूर्ण होणं अवघड. दुसरं, 'दोन वर्षं हातात आहेत' असा समज. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये जातो, तेव्हा फक्त पहिलं वर्ष पूर्ण झालेलं असतं. जानेवारीत आणखी एका सेमिस्टरच्या ग्रेड कळवता येतात, बस. पहिलं सेमिस्टर रुळण्यात घालवायला जागा नाही.

खासगी विद्यापीठं मात्र ट्रान्सफरच्या वेळीही हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट मागतात. युनिट जितके जास्त, तितकं तिचं वजन कमी.

शिष्यवृत्तीवर परिणाम होतो का?

गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीवर होतो. उत्पन्नावर आधारित मदतीवर सहसा नाही: फाफ्सा या केंद्र सरकारच्या मदतीच्या अर्जात हायस्कूलचा जीपीए विचारतच नाहीत. राज्यांच्या योजनांत फरक आहे. कॅलिफोर्नियाचं कॅल ग्रँट नववी सोडून जीपीए काढतं, ए प्रकाराला ३.० आणि बी प्रकाराला २.० लागतो. जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती मुख्य विषयांत ३.० मागते, आणि त्यात नववीही येते.

मुलगा खेळाडू आहे. कोच म्हणतात, ग्रेड नंतर बघू.

नंतर बघून चालत नाही. एनसीएए (कॉलेजांतल्या खेळांची नियामक संस्था) डिव्हिजन १, म्हणजे सर्वांत वरच्या गटासाठी, १६ मुख्य विषय आणि २.३ जीपीए लागतो, आणि १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्यांतले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की त्या दहा विषयांच्या ग्रेड गोठतात. पुन्हा घेऊन सुधारता येत नाहीत. डी दुरुस्त करायची असेल तर अकरावीनंतरचा उन्हाळा ही शेवटची संधी.

दहावीपर्यंत भारतात शिकून इथे आलो. तिथले ६८ टक्के इथे सी धरतील का?

शाळा स्वतःच्या पद्धतीने रूपांतर करते, आणि कधी कधी टक्क्यांना सरळ इथल्या पट्टीवर बसवते. ते चुकीचं आहे, कारण इथे ६० च्या खाली बहुधा एफ असते तर तिथे ३५ ला पास होता येतं आणि ६० ला पहिला वर्ग मिळतो. मूळ गुणपत्रिकेसोबत बोर्डाची श्रेणीपट्टी काउन्सेलरला द्या आणि रूपांतर तपासायला सांगा. विद्यापीठाच्या अर्जात परदेशातले गुण स्वतः बदलू नका, गुणपत्रिकेवर आहेत तसेच लिहा.

एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या मुलाने काय ध्यानात ठेवावं?

फाफ्साची सरकारी मदत मिळत नाही. राज्यातल्या रहिवाशांचा कमी फीचा दर मिळतो की नाही हे राज्यावर अवलंबून आहे, कॉलेजच्या रेसिडेन्सी कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. आणि एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. कम्युनिटी कॉलेज, एखादं जादा वर्ष, मग ट्रान्सफर असा बेत असेल तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) ला जाण्याची तयारी विसाव्या वर्षापासूनच धरून चाला. एफ-१ वर गेल्यावर फीचा दर बदलू शकतो, तो खर्च आधीच मांडून ठेवा.

प्रवेश मिळाला, आणि बारावीच्या शेवटी डी आली. आता?

लगेच कळवा, त्यांना अंतिम ट्रान्सक्रिप्टवरून कळण्याआधी. प्रवेश सशर्त असतो, आणि ज्या मुलाचा प्रवेशच सुधारणेवर मिळाला आहे त्याची घसरण जास्त काटेकोरपणे पाहिली जाते. कळवताना तीन गोष्टी लिहा: कोणता विषय, काय झालं, आणि उन्हाळ्यात तो कुठे पूर्ण करणार आहात. कोर्सला नाव घातल्याची पावती सोबत जोडा. ग्रेड लागण्याआधीच घसरण दिसत असेल तर आणखी बरं. काही वेळा प्रवेश कार्यालय स्वतःच सांगतं की अमुक कॉलेजात अमुक कोर्स करा, सी मिळवा, जागा राहील.